हाडं तीच, हिशेब वेगळा

माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर. शाळेच्या पुस्तकातलं हे चित्र आता मोबाइलवर फिरतं, फक्त खालची ओळ बदलून: हाडं तीच म्हणजे आराखडा एक, आणि आराखडा एक म्हणजे तो काढणाराही एक. चित्र विज्ञानाचं आणि निकाल आपला, ही सोय जुनीच आहे. पण हा युक्तिवाद ज्याच्या कामावर उभा आहे, त्यानंच त्यातली सोयीची बाजू पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोडीत काढली होती.

फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर बेलोंनं १५५५ मध्ये माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर छापला, तिथून ही कथा सुरू होते. १८४३ मध्ये इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं नीट फोड केली: काम सारखं असणं वेगळं आणि अवयव तोच असणं वेगळं. फुलपाखरू आणि कावळा दोघंही उडतात. पण फुलपाखराच्या पंखात हाडच नसतं.

पुढे डार्विन आला आणि त्यानं जीवशास्त्रातून हेतू हद्दपार केला, असं आपण सांगतो. वाचायची चूक इथे होते. अवयवांच्या बाबतीत हेतूला डार्विनच्याही आधी धक्का दिला होता तो ओवेननं, आणि तो तर डार्विनचा पुढे कट्टर विरोधक झाला. फेब्रुवारी १८४९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात त्यानं विचारलं ते असं: माणूस पाण्यावर जायला नाव बांधतो, हवेत जायला फुगा. दोन्ही एकाच साच्यातून काढायचं बंधन तो स्वतःवर घालून घेत नाही. मग केवळ कामासाठीच अवयव घडले असतील, तर पोहणारा पर आणि उडणारा पंख त्याच हाडांचे का? हेतूनं याचं उत्तर मिळत नाही, हे ओवेनला स्वच्छ दिसलं. त्यानं उत्तर ठेवलं ते आदिरूपात, म्हणजे ईश्वराच्या मनातल्या नमुन्यात.

डार्विननं ओवेनच्या या व्याख्यानाच्या पुस्तकाच्या आपल्या प्रतीत नोंद केली की हे आदिरूप नुसती कल्पना नाही, तो खराखुरा पूर्वज आहे. हाडं तीच राहिली, त्यांची नावंही तीच राहिली. नमुन्याच्या जागी फक्त खापरपणजोबा आला.

पण या एका बदलानं सगळा हिशेब फिरला. कोंबडीचा पंख ताटात उलगडून पाहा: दंडाचं एक हाड, पुढे दोन, त्यातलं एक जाड नि एक बारीक, आणि टोकाला एकमेकांत मिसळून गेलेली बोटं. उडायचं काम पिसांवर. वटवाघळानं चार बोटं लांबवून त्यांवर कातडं ताणलं आणि अंगठा नखासकट मोकळा सोडला. टेरोसॉर या नामशेष उडत्या सरीसृपानं सगळा पंख एकट्या चौथ्या बोटावर तोलला. तिघांचा समान पूर्वज उडत नव्हता. म्हणून हात म्हणून हे तिन्ही अवयव एकच आहेत, पण पंख म्हणून तिन्ही वेगळे. कोणता अवयव 'तोच', याचं उत्तर कोणत्या पूर्वजापर्यंत मागे जायचं यावर ठरतं. उडण्याचा एक चांगला आराखडा हाती असता, तर तो तिघांनाही देता आला असता. वारसा तशी मुभा देत नाही. घरात जे आहे त्यातूनच भागवावं लागतं.

नमुन्याला काळ नसतो, पूर्वजाला असतो. म्हणून पूर्वज खडकात शोधता येतो. २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समिअर बेटावर टिक्टालिक सापडला. सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या या माशाच्या परात दंडाचं एक हाड आणि पुढची दोन हाडं ओळखू येतात. ग्रीनलंडच्या अकँथोस्टेगा या आद्य चतुष्पाद प्राण्याचा पुढचा पाय तर त्याहून बोलका आहे. १९९० मध्ये त्यावरची बोटं मोजली गेली, ती निघाली आठ. पाच बोटं नंतर रूढ झाली. ती मुळातली आज्ञा नव्हती. हातापंखांचं चित्र पुढे पाठवून आराखड्याची ग्वाही देणाऱ्यांनी आधी या आठ बोटांचा हिशेब द्यावा.