नागुमो चार दिवस आधी आला असता तर

जर-तरच्या इतिहासाला आपल्याकडे आत्याबाईच्या मिशांची म्हण ऐकवून गप्प बसवतात. पण पानिपतचा विषय निघाला की तीच माणसं विश्वासरावांना लागलेल्या गोळीपाशी घुटमळतात. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये ती गोळी चुकवली आणि पुढचा सगळा हिंदुस्थान बदलून दाखवला. कथेला तेवढी मुभा असते. इतिहासात मात्र एखादं ‘जर’ कितपत मानायचं, हे ठरवायला काहीतरी कसोटी हवी, आणि ती आरमारी लढायांत सर्वांत चोख लागते असं मला वाटतं. जमिनीवरचं सैन्य मुलूख लुटून, अर्धपोटी राहून चार दिवस रेटू शकतं. समुद्रात तेल संपलं की जहाज थांबतं. तिथे शौर्याचा काही उपयोग नाही.

१९४२च्या एप्रिलमधली हिंदी महासागरातली मोहीम घ्या. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं, मार्चमध्ये रंगून. जपानच्या पाच विमानवाहू नौका घेऊन अ‍ॅडमिरल नागुमो सिलोनच्या रोखाने निघाला. त्याच्यासमोर होता जेम्स सॉमरव्हिलचा ब्रिटिश ताफा : तीन विमानवाहू नौका आणि पाच युद्धनौका. त्या पाचांतल्या चार ‘आर’ वर्गातल्या, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या, संथ, आणि गोड्या पाण्याचा साठा इतका तोकडा की फार दिवस समुद्रात राहणं मुश्कील.

जपानी संदेश फोडणाऱ्यांनी कळवलं होतं की हल्ला १ एप्रिलच्या सुमारास होईल. सॉमरव्हिल ३१ मार्चपासून सिलोनच्या दक्षिणेला दबा धरून राहिला. दिवसा लांब सरकायचं, रात्री जवळ यायचं, असं त्याने २ एप्रिलपर्यंत केलं. कुणीच आलं नाही. पाणी आणि तेल संपत आलं, तेव्हा त्याने ताफा सहाशे मैलांवरच्या मालदीवमधल्या अड्डू या गुप्त तळाकडे वळवला. ‘कॉर्नवॉल’ आणि ‘डॉर्सेटशर’ या क्रूझर कोलंबोला धाडल्या, ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका त्रिंकोमालीला. ४ तारखेला तो अड्डूला पोचून तेल भरायच्या गडबडीत असताना, दिवस मावळायच्या सुमारास, लेनर्ड बर्चॉल या कॅनडाच्या वैमानिकाला गस्तीत जपानी ताफा दिसला. संदेश जेमतेम पाठवून झाला आणि त्याचं विमान पाडलं गेलं.

आता फक्त हल्ल्याची तारीख बदला. नागुमो ५ ऐवजी १ एप्रिलला आला असता तर?

दिवसाउजेडी गाठ पडली असती तर ब्रिटिशांची धडगत नव्हती. ५ तारखेच्या दुपारी जपानी विमानांनी ‘कॉर्नवॉल’ आणि ‘डॉर्सेटशर’ यांचं काय केलं ते समोर आहे. सुमारे वीस मिनिटांत दोन्ही तळाला गेल्या. ४२४ माणसं मेली. अकराशेहून अधिक जण फळकुटांना आणि एकमेकांना धरून, तेलाने माखलेल्या पाण्यात, दुसऱ्या दिवशी सुटका होईपर्यंत तग धरून राहिले. ‘आर’ वर्गातल्या चार नौकांवरची माणसं हजारोंनी मोजावी लागली असती. पण गाठ रात्री पडली असती तर? सॉमरव्हिलच्या अल्बाकोर विमानांना दोन मजली पंख होते, दिवसा ती जपानी ‘झिरो’ लढाऊ विमानांच्या तावडीत सापडली असती. मात्र त्यांच्यावर रडार होतं, त्यांचे वैमानिक अंधारात टॉर्पेडो टाकायला शिकलेले होते, आणि नागुमोकडे रडार नव्हतं. मग कदाचित जपानच्या एक-दोन विमानवाहू नौका मिडवेच्या लढाईच्या दोन महिने आधीच बुडाल्या असत्या. हे दोन्ही शेवट मला पटतात. बेत होता, जहाजं होती, यंत्रं होती. आपण फक्त चार दिवस सरकवले.

जपानने सिलोनवर सैन्य उतरवलं असतं तर, हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. जपानी आरमाराने त्याचा विचार केला होता, भूदलाने सैन्य द्यायला साफ नकार दिला. चीन आणि ब्रह्मदेशात ते गुंतलेलं होतं. म्हणजे इथे आख्ख्या भूदलाचं मन बदलावं लागतं आणि सिंगापूरपासून दीड हजार मैल रसद पुरवायला व्यापारी जहाजं कुठून तरी पैदा करावी लागतात. जपान युद्धात उतरला तो सुमारे साठ लाख टन व्यापारी जहाजांनिशी, आणि ती आधीच अपुरी पडत होती. तिथून पुढे मद्रास, मग मुंबई, मग इराणात जर्मन सेनापती रोमेलशी हातमिळवणी, असं रंगवणाऱ्यांच्या नकाशावर तेलाची टँकर जहाजं कधी दिसत नाहीत. शिवाय प्रतिपक्ष जागचा हलत नाही. बुद्धिबळात आपण लागोपाठ चार खेळ्या करायच्या आणि समोरच्याने हात बांधून बसायचं, असा हा डाव आहे. नागुमो हिंदी महासागरात रमला असता तर पॅसिफिकमधल्या अमेरिकन विमानवाहू नौका काय करत बसल्या असत्या?

समोरच्याचे हात बांधून डाव मांडण्याचा मोह फक्त हौशी लोकांना होतो असं नाही. मिडवेच्या आधी ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेवर युद्धाची रंगीत तालीम झाली. फासे टाकून पंचाने जपानी नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचं ठरवलं. उगाकी या वरिष्ठ आरमारी अधिकाऱ्याने ते तीनवर आणले. बुडालेली ‘कागा’ ही विमानवाहू नौका पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. फुचिदा आणि ओकुमिया या जपानी आरमारी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर हे लिहून ठेवलं आहे. खरी ‘कागा’ ४ जूनला बुडाली.

माझ्या मते त्या एप्रिलमधला सर्वांत धोकादायक पर्याय कुणी रंगवून सांगत नाही, कारण त्यात थरार नाही. कुठेही न उतरता जपानी क्रूझर बंगालच्या उपसागरात नुसत्या राहिल्या असत्या तर? ओझावा या जपानी नौसेनापतीच्या तुकडीने काही दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजं बुडवली. हे महिनोन्‌महिने चाललं असतं, इराणमधल्या आबादानचं तेल आणि सुएझकडे जाणारा माल अडला असता, तर इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजेचं काय झालं असतं, हा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. पण डिसेंबरपासून पळणाऱ्या नागुमोच्या जहाजांना डागडुजी हवी होती, आणि त्यांना पॅसिफिक बोलावत होता.

प्रत्यक्षात सॉमरव्हिलने वेगवान जहाजं मुंबईला आणली, चार जुन्या युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंदिनीला धाडल्या. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. जपानी फौज किनाऱ्याकडे येत असल्याच्या खोट्या खबरीवर मद्रासच्या कचेऱ्या आतल्या भागात हलल्या आणि लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले. जपानी तळ ठोकतील या धास्तीने ब्रिटिशांनी ५ मे रोजी मादागास्करवर सैन्य उतरवलं आणि तिथल्या फ्रेंचांशी लढाई केली. ही धास्ती निराधार होती म्हणावं, तर ३० मे रोजी जपानची एक चिमुकली पाणबुडी मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात शिरली आणि तिने ‘रॅमिलीज’वर टॉर्पेडो मारला. सॉमरव्हिलच्या त्या चार जुन्या युद्धनौकांपैकीच ती एक.