दुसऱ्याच्या तटाआड

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातवाने अंगणाच्या कोपऱ्यात किल्ला केला. विटा रचल्या, त्यांवर ओले गोणपाट टाकले, लाल मातीचा चिखल थापला, उतारावर अळीव पेरले आणि वसुबारसेच्या सकाळी महाराज सिंहासनावर बसले. बुरुजाबुरुजावर मावळे उभे राहिले. पायथ्याशी एक शेतकरी, एक गवळण आणि गुहेच्या तोंडाशी वाघ. सगळे मनासारखे झाल्यावर तो दोन पावले मागे सरला आणि चिखलाचे हात तसेच धरून म्हणाला, "आजोबा, हे मावळे राखण कुणाची करतात? आत तर नुसत्या विटाच आहेत."

मला चटकन उत्तर सुचले नाही. सहा महिन्यांपूर्वी परदेशातल्या एका डोंगरावर जवळजवळ हाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तराशी मी अजून झगडतोच आहे.

आमची मुलगी नोकरीनिमित्त तुलूझला असते. मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, आणि तिथून दक्षिण फ्रान्समधल्या डोंगरी किल्ल्यांच्या मुलखात आठ दिवस पायी हिंडून आलो. भूमध्य समुद्राच्या काठापासून फ्वा नावाच्या गावापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरांची एक पायवाट तिथे आखलेली आहे. या किल्ल्यांच्या सोबतीनेच ती जाते. साठी ओलांडलेल्या माणसांनी सगळी वाट चालण्याचा हट्ट धरू नये. आम्ही जमतील तेवढे टप्पे चाललो आणि बाकीचे मोटारीला दिले.

या सहलीचा मला विशेष अभिमान वाटत होता तो एका गोष्टीचा. आमच्याबरोबर वाटाड्या नव्हता. झेंडी उंचावून पुढे पळणारा कोणी नाही, "दहा मिनिटांत परत या" म्हणून दटावणारा कोणी नाही. हातात नकाशा, खिशात वाटेचे वर्णन छापलेली लहानशी पुस्तिका, पाठीवर पाणी आणि शिदोरी. आपण आपलेच वाटाडे. रोज सकाळी पहिल्या चढणीवर मी हे वाक्य सौभाग्यवतींना ऐकवीत असे, आणि त्या "हो, हो, खाली बघून चाला" असे म्हणत.

मुलूख मोठा देखणा आहे. खाली द्राक्षांचे मळे, वर पांढुरक्या चुनखडीचे कडे, वाटेच्या दोन्ही बाजूंना रानटी ओव्याच्या वासाची झुडपे. आणि वारा! केरिबूसचा किल्ला सातशे अठ्ठावीस मीटर उंचीच्या एका सुळक्यावर उभा आहे. त्याच्या पायऱ्यांवर वाऱ्याने आम्हांला अक्षरशः कठड्याला चिकटवून ठेवले. वर पोचल्यावर दक्षिणेला पिरनीज पर्वताची रांग दिसते आणि वायव्येला पेरपेर्त्यूजचा किल्ला. तो इतका कड्यात मिसळलेला आहे, की खडक कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो ते डोळ्यांना लवकर उमगत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे परके वाटत नाही.

या किल्ल्यांना सगळे 'कॅथरांचे किल्ले' म्हणतात. पाट्यांवर तेच नाव असते. आणि हे नाव बरेचसे खोटे आहे. आज जे तट आणि बुरुज दिसतात ते बहुतेक फ्रान्सच्या राजाने, कॅथरांचा पाडाव झाल्यावर, आरागॉनच्या राज्याच्या सरहद्दीवर पहारा ठेवण्यासाठी बांधले वा वाढवले. 1659 च्या तहाने सरहद्द आणखी दक्षिणेला सरकली आणि या पहारेकऱ्यांचे महत्त्वच संपले. म्हणजे दगड जिंकणाऱ्यांचे आणि नाव हरलेल्यांचे! इतिहासात असा न्याय क्वचितच होतो, असे मला वाटले. पण खरी गंमत याच्याही पुढे आहे. कॅथरांनी स्वतःसाठी किल्ले बांधलेच नव्हते. त्यांना ते बांधता येण्यासारखे नव्हते. कारण तलवार धरणे हेच मुळी त्यांच्या व्रतात बसत नव्हते.

कोण होते हे कॅथर? बाराव्या-तेराव्या शतकांत या मुलखात पसरलेला हा एक ख्रिस्ती पंथ. हे दिसणारे जग चांगल्या ईश्वराने केलेले नाही, ते दुष्ट शक्तीची करणी आहे आणि आत्मा त्यात अडकून पडला आहे, असे ते मानीत. त्यांच्यातले दीक्षा घेतलेले स्त्रीपुरुष मांस, अंडी, दूध यांना शिवत नसत; ब्रह्मचर्य पाळीत, खोटे बोलत नसत, शपथ घेत नसत आणि कोणाचाही जीव घेत नसत. लोक त्यांना 'भली माणसे' म्हणत. बाकीचे श्रद्धावान संसार करीत, शेती करीत, लढाईवरही जात, आणि या भल्या माणसांना घरी बोलावून वाकून नमस्कार करीत. आपल्याकडचे जैन मुनी आणि श्रावक यांची वाचकांना आठवण झाली, तर पंथ वेगळे असले तरी ती आठवण अगदीच चुकीची नाही.

पोपने या पंथाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. 1209 साली सैन्य चालून आले, बेझिए शहराची कत्तल झाली आणि वीस वर्षे हा मुलूख जळत राहिला. 1233 पासून धर्मन्यायाधीश गावोगाव चौकश्या करू लागले. मग ही भली माणसे कुठे जाणार? ती मोंसेग्यूरला गेली.

मोंसेग्यूर हा आमच्या चालण्यातला शेवटचा किल्ला. बाराशे मीटरांहून उंच असा एकटा डोंगर. त्याचा धनी रेमाँ द पेरेय याने 1204 च्या सुमारास, या लोकांच्याच विनंतीवरून, जुन्या पडक्या गडाची डागडुजी केली होती. 1232 पासून तो पंथाचे मुख्य ठाणे झाला. तटाला लागून, कड्याच्या कडेवर, झोपड्यांची वस्ती उठली. वेढा पडला तेव्हा गडावर सुमारे पाचशे माणसे होती: दोनशेंहून अधिक दीक्षित आणि बाकीचे सरदार, शिपाई, त्यांच्या बायका, मुले.

चढ चांगला दमवणारा आहे. वर पोचल्यावर रिकाम्या तटांच्या आत बसून आम्ही पाव आणि चीज खाल्ले, आणि मी पुस्तिकेतली पुढची हकिगत मोठ्याने वाचली. मे 1242 मध्ये या गडावरून काही सरदार आणि शिपाई निघाले. आव्हिन्योने गावी धर्मन्यायाधीश आणि त्यांचे सोबती मुक्कामाला होते. रात्री त्यांच्या दारांवर कुऱ्हाडी चालवून त्या सर्वांना यांनी ठार केले, आणि ते गडावर परत आले. पुढच्याच वर्षी गडाला वेढा पडला.

सौभाग्यवतींनी पावाचा तुकडा खाली ठेवला. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "मुंगीसुद्धा न मारणारी माणसे इथे राहत होती, आणि मारणारी माणसे त्यांच्या दारावर उभी होती."

"मारणारी माणसे वेगळी होती," मी म्हणालो.

"भिंत तर एकच होती ना?"

मी गप्प बसलो. कारण इथेच तो प्रश्न होता. हात स्वच्छ ठेवण्याचे व्रत मी घेतले, आणि ते पाळता यावे म्हणून दुसऱ्याने आपले हात रक्ताने माखले, तर माझी स्वच्छता किती माझी? ती कुऱ्हाड भल्या माणसांनी उचलली नव्हती. पण ती ज्या दरवाजातून बाहेर गेली, त्याच दरवाजाआड ते रोज रात्री निर्धास्त झोपत होते.

याला एक सोपे उत्तर आहे, की ही सारी नीती ढोंगी ठरते. ते मला पटत नाही. मग शस्त्र न धरणारा प्रत्येक जण ढोंगी ठरेल: आई, वैद्य, शिक्षक, तान्हे मूल सुद्धा. दुसरेही एक सोपे उत्तर आहे, की ज्याचे कर्म त्याच्यापाशी. शिपायाचे पाप शिपायाला. तेही पटत नाही. ज्या कर्माचे फळ मी रोज खातो, ते माझे नव्हेच असे म्हणायला जीभ जरा जाड लागते. आपण सारेच कोणा ना कोणाच्या तटाआड राहतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दिवे लावून फराळाला बसतो, तेव्हा कुठेतरी कोणी थंडीत पहारा करीत असतो. त्याच्या हातून जे घडते, त्यात आपला वाटा किती, हे त्या रात्री कोणी मोजीत नाही.

पण मोंसेग्यूरची गोष्ट इथे संपत नाही. दहा महिन्यांच्या वेढ्यानंतर, मार्च 1244 च्या आरंभी, गडाने तहाची बोलणी केली. अटी ठरल्या. लढणाऱ्यांना सोडण्यात येईल. आव्हिन्योनेच्या खुनांचीही माफी मिळेल. दीक्षितांनी मात्र आपला धर्म सोडावा, नाहीतर आगीत जावे. विचाराला पंधरा दिवसांची मुदत.

ते पंधरा दिवस मी त्या तटाआत बसून डोळ्यांपुढे आणण्याचा प्रयत्न केला. ज्यांनी खून केले ते सुटणार होते. ज्यांनी मुंगी मारली नाही ते जळणार होते. शिपायांना फक्त वाट पाहायची होती, आणि मग सामान उचलून डोंगर उतरायचा होता. मुदत संपायच्या तीन दिवस आधी, 13 मार्चला, गडावरच्या वीसएक जणांनी पुढे येऊन दीक्षा मागितली. त्यांत सरदार होते, साधे शिपाई होते, स्त्रिया होत्या. गडाच्या धन्याची बायको कोर्बा हीही होती. तिची मुलगी एस्क्लार्मोंद तिच्याबरोबर गेली. धनी स्वतः मागे राहिला आणि जगला. दीक्षा म्हणजे पुन्हा शस्त्र न धरण्याचे व्रत, आणि तीन दिवसांनी अग्नी. हे त्यांना पुरते ठाऊक होते. 16 मार्चला दोनशेंहून अधिक माणसे डोंगराच्या पायथ्याशी एकत्र जाळण्यात आली. हा सारा तपशील आज आपल्याला कळतो तो मागे राहिलेल्यांनी नंतर धर्मन्यायाधीशांपुढे दिलेल्या जबान्यांतून, जाळणाऱ्यांच्याच दप्तरातून.

मला वाटले, माझ्या प्रश्नाचे उत्तर या तीन दिवसांत आहे. दुसऱ्याच्या तटाआड राहणे टाळता येत नाही. पण तट पडतो तेव्हा पुढे कोण उभे राहते, यावरून माणसाची पारख होते. जगात बहुधा असे घडते, की राखलेले निसटतात आणि राखणारे मरतात. इथे उलटे झाले. राखलेल्यांनी पाठ फिरवली नाही. आपल्या व्रताचे मोल त्यांनी स्वतः मोजले, आणि ते पाहून राखणाऱ्यांपैकी काही जण कुऱ्हाड खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघांमधली भिंत त्या दिवशी पडली.

मी हे मोठ्या समाधानाने बोलून दाखवले. सौभाग्यवतींनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचा हिशेब छान जुळला," त्या म्हणाल्या. "पण आव्हिन्योनेला जे झोपेतून उठून मेले, त्यांचे देणे यात कुठे फिटले? आणि पायथ्याशी ज्यांनी आग लावली, त्यांच्या नावावर काहीच नाही का? जळणाऱ्यांच्या थोरवीने जाळणाऱ्यांचा हिशेब चुकता होत नाही, अहो."

हेही खरे. माझे उत्तर अर्धेच होते, आणि उरलेले अर्धे त्या डोंगरावर मला सापडले नाही. उतरताना पायथ्याच्या कुरणात 1960 साली उभारलेला स्मृतिस्तंभ लागतो. त्याच्यापाशी कोणीतरी रानफुलांची जुडी ठेवली होती. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. जवळच एक कुटुंब शिदोरी सोडून बसले होते आणि त्यांची मुले गवतात लोळत होती. मला त्यांचा राग आला नाही. मघाशी वर बसून आम्हीही तेच केले होते.

त्या संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर सौभाग्यवतींनी एकदम विचारले, "आपल्या बॅगा रोज आणतो कोण?"

वाचकहो, एक गोष्ट मी तुम्हांला सांगितली नाही. आमचे जड सामान रोज सकाळी मुक्कामाच्या दाराशी ठेवायचे आणि संध्याकाळी पुढच्या मुक्कामी ते मिळायचे, अशी व्यवस्था होती. आपण आपलेच वाटाडे, हे माझे वाक्य त्या व्यवस्थेवर उभे होते. वाटेवरच्या दगडांवर रंगाचे पट्टे कोणी काढले, हेही मी आठ दिवसांत मनात आणले नव्हते.

त्या दिवशी बॅगा यायच्या होत्या. आम्ही दाराशी खुर्च्या टाकून बसलो. अंधार पडता पडता एक जुनी गाडी आली आणि माझ्याच वयाचा एक माणूस, कमरेवर हात ठेवून, सावकाश उतरला. आठ दिवस त्याने आमचे ओझे वाहिले होते. त्यात मी वाचीन म्हणून नेलेली आणि न उघडलेली चार पुस्तके होती. मी पुढे होऊन बॅग हातात घेतली. तो हसला, काहीतरी म्हणाला; आम्हांला भाषा कळली नाही. सौभाग्यवतींनी पिशवीतून उरलेला चिवडा काढून त्याच्या ओंजळीत घातला. याने काही फिटले असे मी म्हणत नाही. फक्त तोंड ओळखीचे झाले.

नातू अजून उत्तराची वाट पाहत उभा होता.

"आपली करतात राखण," मी म्हणालो.

त्याने किल्ल्याकडे नीट निरखून पाहिले. "मग आपण कुठे आहोत?" तो म्हणाला, आणि खेळण्यांच्या डब्यात हात घालून आमच्यासाठी माणसे शोधू लागला.