पुलाशिवायची लढाई

स्टर्लिंगची लढाई स्कॉटलंडला पुलाने जिंकून दिली. फोर्थ नदीवरचा तो लाकडी पूल इतका अरुंद, की जेमतेम दोन घोडेस्वार शेजारी-शेजारी मावत. जवळच्या उताराने नदी ओलांडू, असं एका सरदाराने सुचवलं होतं. पण मोहीम लांबली तर राजाचा खर्च वाढेल, म्हणून खजिनदार क्रेसिंगहॅमला घाई. ११ सप्टेंबर १२९७ ला इंग्रज फौज पुलावरून उतरू लागली. समोरच्या ॲबी क्रेगच्या टेकडीवर स्कॉट सेनानी विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे थांबून होते. आपल्याला पेलवतील एवढेच शत्रू त्यांनी अलीकडे येऊ दिले आणि मग पुलाचं तोंड अडवलं. पायाखाली दलदल, भोवती नदीचं वळण. मागे फिरायला वाट नाही. क्रेसिंगहॅम तिथेच मारला गेला.

मेल गिब्सनच्या ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये (१९९५) ही लढाई आहे, पूल नाही. मरेही नाही. मोकळं मैदान आहे, निळे रंगवलेले चेहरे आहेत आणि एक भाषण आहे. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली. तेव्हापासून त्याच्या चुका मोजणं हा अभ्यासकांचा आवडता उद्योग झाला आहे. अंगाला निळा रंग फासण्याची प्रथा हजारेक वर्षं आधीची, पट्ट्याने बांधायचं चौकडीचं वस्त्र तीनेकशे वर्षं नंतरचं. या चुका मी सोडून देईन. पडद्यावरच्या गर्दीत कोण कुठल्या बाजूचा हे चटकन कळावं लागतं, आणि पोशाख ते काम करतो.

सोडता येत नाही ती लढ्याच्या कारणाची अदलाबदल. सिनेमा सुरू होतो १२८० मध्ये, स्कॉटलंडचा राजा मेल्याची बातमी देऊन. प्रत्यक्षात तिसरा अलेक्झांडर १२८६ पर्यंत राज्य करत होता. तो गेला, १२९० मध्ये त्याची बालवारस नातही गेली आणि गादीवर अनेकांनी हक्क सांगितला. निवाड्यासाठी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला बोलावलं गेलं. १२९२ मध्ये त्याने जॉन बॅलिओलच्या बाजूने कौल दिला, आणि १२९६ मध्ये फौज घालून त्यालाच पदच्युत केलं. पंच म्हणून आलेला धनी होऊन बसला. सिनेमात याऐवजी काय येतं? नववधूवर इंग्रज सरदाराचा पहिल्या रात्रीचा हक्क. असा कायदा एडवर्डने केल्याचा पुरावा नाही. राज्याचा प्रश्न घरच्या सुडाचा झाला.

सिनेमातला वॉलेस लॅटिन बोलतो, फ्रेंच बोलतो. राज्य मात्र चालवत नाही. खऱ्याने स्टर्लिंगनंतर बरोबर एका महिन्याने, मरेसोबत, ल्युबेक आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र धाडलं: देश मोकळा झाला आहे, माल घेऊन या. त्या पत्राच्या शिक्क्यावर धनुष्यबाण आहे. सिनेमाने त्याच्या हाती अजस्र तलवार दिली. पुढे त्याने राज्याचा पालक म्हणून कारभार पाहिला, तोही कैदेतल्या बॅलिओलच्या नावाने.

१३०५ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या खटल्यात त्याने राजद्रोहाचा आरोप नाकारला. मी एडवर्डची प्रजा कधी नव्हतोच, मग द्रोह कसला? सिनेमात हे उत्तर आहे, एवढं श्रेय द्यायलाच हवं. पण ते ज्या राज्याच्या आधारावर उभं होतं ते राज्यच सिनेमाने दाखवलं नसल्याने उत्तर नुसतं बाणेदार वाटतं. प्रेक्षकाच्या कानात उरते ती मरतानाची आरोळी.

वर सिनेमात एडवर्डची सून असलेल्या राजकन्या इझाबेलाच्या पोटी वॉलेसचा अंश! तो मारला गेला तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. तिचं लग्न १३०८ चं, मुलगा १३१२ चा. इथे राजकीय विजयाची जागा रक्ताच्या विजयाने घेतली.

डेव्हिड मॅकेंझीचा त्याच लढ्यावरचा ‘आउटलॉ किंग’ (२०१८) अधिक सावध आहे. १३०४ मध्ये स्टर्लिंगचा किल्ला शरण यायला तयार असताना एडवर्ड आपलं नवं दगडफेकीचं यंत्र वापरून पाहिल्याशिवाय शरणागती घेईना. हा खरा प्रसंग मॅकेंझीने ठेवला, आणि कुठल्याही कल्पित क्रौर्यापेक्षा तो जास्त अंगावर येतो. पण १३०७ च्या लाउडन हिलवर त्यानेही आपला नायक रॉबर्ट ब्रूस आणि इंग्रज युवराजाची चिखलात झुंज लावली. युवराज तिथे नव्हताच.

हा मोह जुना आहे. ‘ब्रेव्हहार्ट’ची मुळं ब्लाइंड हॅरीच्या काव्यात आहेत, आणि ते वॉलेसच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी रचलेलं. तरी कवीला आणि दिग्दर्शकाला एकच सवलत देता येणार नाही. हॅरीच्या हाती ऐकीव कथा होत्या. गिब्सनच्या काळात कागदपत्रं छापून तयार होती. गंमत अशी, की ती वाचून नायक लहान झाला नसता, मोठाच झाला असता: वाट पाहणारा सेनापती, बंदरं उघडणारा कारभारी, कायद्याने बोलणारा कैदी.

म्हणून ऐतिहासिक सिनेमा पाहताना पोशाख तपासत बसू नका. नायकाचे सहकारी कुठे गेले, लढ्याचं कारण कोणी बदललं आणि नायकाला विचार करायला किती जागा ठेवली, एवढं विचारा. जो सिनेमा या तीन प्रश्नांना टिकत नाही, त्याने नायकाचा गौरव केलेला नसतो, फक्त त्याचं नाव वापरलेलं असतं.