फॉलोअपला न विचारला जाणारा प्रश्न

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या 633 बायकांवर एक अभ्यास झाला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना आधी केमो देऊन मग ऑपरेशन, बाकीच्यांना रेडिएशन आणि जोडीला केमो. पाच वर्षं आजाराविना काढणाऱ्यांचं प्रमाण रेडिएशनच्या गटात 76.7 टक्के, ऑपरेशनच्या गटात 69.3. एकूण जगण्यात फरक पडला नाही, तरी कौल रेडिएशनच्या बाजूनेच गेला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे. उपचारांनंतर दोन वर्षं उलटल्यावर रेडिएशनच्या गटात योनिमार्गाचा त्रास 25.6 टक्के बायकांना होता. मूत्राशयाचा आणि गुदाशयाचा त्रास प्रत्येकी 3.5 टक्के. आणि फॉलोअपला सर्रास विचारतात काय, तर लघवी-संडास नीट होते ना!

आता सुप्यातली एखादी पंचेचाळिशीची बाई डोळ्यांपुढे आणा. नगर-पुणे रस्त्यावरचं हे पारनेर तालुक्यातलं गाव एमआयडीसीमुळे फुगलं, पण शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला शहर गाठावं लागतं. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. मग आतून द्यायचं रेडिएशन. ते संपलं की घरचे म्हणतात, सुटलो. शरीर मात्र सुटलेलं नसतं. किरणांनी बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्वचा पातळ आणि कोरडी होते, योनिमार्गाच्या भिंती एकमेकींना चिकटू लागतात, मार्ग अरुंद आणि आखूड होतो. बीजकोश निकामी झाल्याने पाळी जाते ती निराळीच. नवरा जवळ आला की दुखतं, कधी रक्त दिसतं, आणि दोघंही समजतात की आजार उलटला.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. पाण्यात विरघळणारी जेली, डॉक्टरांच्या सल्ल्याने हार्मोनचं मलम, आणि डायलेटर: चढत्या मापाच्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या कांड्या. उपचार संपून काही आठवडे गेले, जखमा भरल्या, की जेली लावून, गुडघे दुमडून, कांडी सावकाश आत ठेवायची, पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. डायलेटरच्या उपयोगाचे पुरावे फार भक्कम नाहीत आणि रेडिएशन चालू असताना जबरदस्ती केली तर अपायच, हेही सांगायला हवं. पण दोन खोल्यांच्या घरात, सासू बाहेर बसलेली असताना, ती दहा मिनिटं आणायची कुठून? कांडी पोरांच्या हाती लागू नये म्हणून ठेवायची कुठे? कागदावर लिहून दिलेला सल्ला इथे अडतो.

हा विषय नवरा-बायकोचा म्हणून बाजूला सारला जातो, तेही चूकच. मार्ग बंद झाला तर डॉक्टरांना आतून तपासता येत नाही आणि परतलेला आजार उशिरा कळू शकतो. विधवेलाही हे तितकंच लागू आहे.

म्हणून डॉक्टरांना विनंती: शेक सुरू होण्याआधीच हे सांगा, आधी बाईला एकटीला, मग तिची हरकत नसेल तर नवऱ्यालाही. कर्करोग संबंधातून लागत नाही, बाहेरून दिलेली किरणं अंगात उरत नाहीत, हेही त्याला सांगा. आणि पुढच्या तारखेला बाईसोबत जाणाऱ्या लेकी-सुनांनो, डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा.