मडक्यात राखलेले खरेदीखत



लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिलेल्या एका गावी उपासना आटोपल्यावर एका विधवा बाईने मला विचारले, "पाळकसाहेब, जितक्या वेळा आशा धरली तितक्या वेळा ती मोडली. आता पुन्हा धरणे हा विश्वास म्हणावा, की मनाची फसवणूक?" त्या समयी मला उत्तर सुचले नाही. मी प्रार्थना केली व निघालो. परंतु तो प्रश्न माझ्यासंगे वाट चालत राहिला.

ह्या प्रश्नावर विचार करिताना यिर्मया संदेष्ट्याचे स्मरण झाले. सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात लोकांस सांगितले की, दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. लोकांस ते गोड वाटले. यिर्मयाने मात्र ते खोटे ठरविले, व तसेच झाले. जू मोडले नाहीच, उलट वेढा पडला. ज्याने लोकांची खोटी आशा मोडली, त्याच यिर्मयाने पुढे काय केले ते पाहा. राजाच्या दहाव्या वर्षी, खास्दी सैन्य यरुशलेमेभोवती असता व आपण स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असता, त्याने देवाच्या आज्ञेवरून आपला चुलतभाऊ हनामेल ह्याचे अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. साक्षीदार बसविले, खत मोहोरबंद केले, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून बारूखाकडून मातीच्या मडक्यात ठेवविले. शत्रूच्या ताब्यातील शेत कोणता शहाणा विकत घेईल? यिर्मयालाही ते कळेना. खत बारूखाच्या हाती दिल्यावर त्याने आपले कोडे प्रार्थनेत देवापुढे मांडले. आधी आज्ञापालन झाले, मग प्रश्न विचारला. आणि देवाने त्या प्रश्नाबद्दल त्याला झिडकारिले नाही.

पुढे इ.स.पू. ५८७ च्या सुमारास नगर पडले. यिर्मयाला मिसर देशात नेण्यात आले. त्याने ते शेत कधी नांगरल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. तथापि इ.स.पू. ५३८ च्या सुमारास कोरेश राजाच्या आज्ञेने लोक परतू लागले, आणि परतलेल्यांच्या यादीत अनाथोथच्या मनुष्यांचीही गणना आहे.

ह्यावरून दोन गोष्टी निराळ्या ओळखाव्या. अमुक दिवसापर्यंत माझे दुःख टळेल, असे म्हणणे ही अपेक्षा होय. तो दिवस टळला की ती मोडते. देव आपल्या लोकांस टाकीत नाही, म्हणून आज माझ्या वाट्याचे काम मी करीन, ही आशा होय. हनन्याने तारीख सांगितली. यिर्मयाने रुपे तोलले.

आपल्याच देशातील एक उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचे आईबाप इ.स. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात उपासमारीने खंगून वारले. भुकेचा असा अनुभव घेतलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात घरी बसली नाही. ती मध्यप्रांतात गेली, व अनाथ मुलींस आणून केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर त्यांस आसरा दिला. तिचे गेलेले आईबाप तिला परत मिळाले नाहीत. परंतु पुष्कळांस आई मिळाली.

म्हणून उपदेशक बंधूंनो, दुःखिताच्या ओसरीवर बसून पावसाचा दिवस सांगू नका. तो आपल्याला सांगितलेला नाही.

पुढील खेपेस मी त्या बाईच्या घरी गेलो. कोपऱ्यात एक मडके होते. त्यात राखेत घोळविलेली बियाण्याची ज्वारी. डब्यात पीठ थोडेच होते. "हे दळले का नाही?" मी विचारले. ती म्हणाली, "मग पेरू काय?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच घरात होते. पण माझ्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहिला. मुलांच्या भुकेपायी ते मडके उद्या जात्यापाशी गेले, तर दोष तिच्या अल्पविश्वासाला द्यावा, की भरल्या कणगीपाशी बसून तिच्यासाठी केवळ प्रार्थना करणाऱ्या आम्हांला? त्या रविवारी मंडळीने चार पायली धान्य तिच्या घरी पोचविले. एकट्याने आशा राखणे कठीण आहे. म्हणून देवाने आपणांस मंडळी दिली आहे. तुमच्या गावी असे मडके कोणाच्या घरी आहे, ते ह्या आठवड्यात जाऊन पाहा.