कपाट आणि कवाड

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात असाल, तर बेडरूममधल्या कपाटासमोर बसा. जमिनीवर, मांडी घालून. खाली व्हाइटफील्डच्या रस्त्यावर हॉर्न वाजत राहतील, वाजू द्या. कपाट उघडायची घाई नाही. आधी त्याचं नाव घ्या, सावकाश.

क. पा. ट.

‘प’पाशी रेंगाळा. ओठ मिटले, श्वास अडला, मग सुटला. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. भाऊबीजेला केदारनाथाचे कपाट बंद झाले, ही बातमी वाचताना आपण दरवर्षी किंचित अडखळतो. दाराचं नाव आपण दारं असलेल्या वस्तूला दिलं आहे ना!

आता दुसरा शब्द. क. वा. ड.

हा तोच शब्द, लोकांच्या जिभेवर झिजलेला. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ झाला, ‘ट’चा ‘ड’. दीपाचा दिवा आणि घटाचा घडा याच वाटेने झाला. पुन्हा म्हणा: कवाड. या वेळी ओठ मिटलेच नाहीत. कपाट म्हणताना तोंडात एक दार लागतं. कवाड म्हणताना ते उघडं राहतं. मला याचं नवल अजून ओसरत नाही.

इथल्या सुताराला ‘कपाट’ म्हटलं तरी कळतं. कन्नडात ते ‘कपाटु’. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात घरचा शब्द शेजाऱ्याच्या तोंडून ऐकू यावा, याहून मोठा दिलासा मला ठाऊक नाही.

कन्नडात ‘कवाट’ही आहे. हृदयाच्या झडपेला तिथे हा शब्द वापरतात.

तळहात छातीवर ठेवा. आत चार कप्पे आहेत, चार झडपा आहेत. ठोक्याचा जो दुहेरी आवाज, तो झडपा मिटण्याचा. उघडताना त्या आवाज करत नाहीत. एक जोडी मिटते, मग दुसरी, आणि मग जराशी लांब शांतता. त्या शांततेत वरच्या कप्प्यांतून रक्त खालच्या कप्प्यांत उतरतं. तिथे थांबा. मोजू नका. पुढची शांतता येईल, तिच्यातही थांबा.

आता उठा. कपाटाच्या हँडलवर हात ठेवा. ठोका अजून तळहातात लागतो का पाहा, आणि मग हळूच ओढा.