मरियेचे तीन महिने



पवित्र मरिया गरोदर एलिझाबेथकडे सुमारे तीन महिने राहिली (लूक १:५६). आपण बाळ बघायला जातो, पेढा खातो, बाळ कोणावर गेले ते सांगून निघतो. बाळंतिणीची चौकशी राहूनच जाते. वाळूजला नोकरीसाठी आलेल्या घरांत तर आजीही गावी असते.

पहिल्या दिवसांतले रडू ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही उदासी राहिली, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, तर तो आजार आहे. श्रद्धेची उणीव नव्हे, दृष्टही नव्हे. डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. बापही खचतो, पण बोलत नाही.

आठवड्याला दोन तास देऊ शकणाऱ्या भगिनींनी, बंधूंनीसुद्धा, मिस्साबलिदानानंतर आम्हाला नाव द्यावे. डबा न्यावा, बाळाला घ्यावे, आईला झोपू द्यावे. उपदेश नको, तो आम्ही रविवारी करतोच.